बुडालेल्या ओढ्याची रेघ

आमच्या दुकानात नकाशे रंगवायचं काम माझ्याकडे होतं. माझा भाऊ एलाय हिबर्ड तांब्याच्या पत्र्यावर नकाशा कोरायचा. सगळा उलटा, आरशात दिसतो तसा. खाली छापखान्यात त्याचे कागद निघायचे, आणि ते काळे-पांढरे कागद वरच्या मजल्यावर माझ्या आणि माझ्या हाताखालच्या मुलींच्या टेबलांवर यायचे. एक जिल्हा गुलाबी, शेजारचा पिवळा, त्याच्या शेजारचा हिरवा. शेजारी-शेजारी एकच रंग आला की गिऱ्हाईक परत पाठवायचं.

फिलाडेल्फियात तेव्हा नकाशांचा धंदा जोरात होता. नवी गावं, नवे रस्ते, नवे जिल्हे निघत होते आणि प्रत्येकाला आपलं गाव छापलेलं बघायची हौस होती. पण नकाशे काढणाऱ्यांतले निम्मे लोक घराबाहेर पाऊल न टाकता नकाशे काढत. दुसऱ्याचा नकाशा समोर ठेवायचा, आपलं नाव मोठ्या वळणदार अक्षरांत वर घालायचं, कोपऱ्यात एखादा गरुड काढायचा, झालं. एलायला याचा राग होता. पेनसिल्व्हेनियाचा भिंतीवर टांगायचा मोठा नकाशा करायचं त्याने ठरवलं, तेव्हा त्याने प्रत्येक जिल्ह्याच्या मोजणीदाराकडून नवा कागद मागवला. वर्गणीदार जमवले. दोन वर्षं तो पत्र्यावर वाकून बसला होता.

पत्रा जवळजवळ पुरा झाला होता तेव्हा मी एके दिवशी दोन जिल्ह्यांचे मोजणीचे कागद शेजारी-शेजारी लावून हद्दीवर रंग कुठे थांबवायचा ते बघत होते. मी जिन्यावरूनच हाक मारली.

“एलाय, हा ओढा कुठे गेला?”

“कुठला ओढा?”

“ऑटर ओढा. गुलाबी जिल्ह्यात उगवतो, चांगला जाडजूड होऊन हद्दीपर्यंत येतो, आणि पिवळ्या जिल्ह्यात त्याचा पत्ताच नाही.”

“पिवळ्याने घरात घेतला नसेल,” तो म्हणाला. पण हातातलं कोरणं खाली ठेवून वर आला, कागदांवर वाकला आणि बराच वेळ हलला नाही.

दोन्ही मोजणीदारांना विचारून झालं. वरच्या जिल्ह्याच्या मोजणीदाराने कळवलं, ओढा हद्दीपर्यंत मी स्वतः पाहिला, पुढचं माझ्याकडे नाही. खालच्याने कळवलं, माझ्या जिल्ह्यात या नावाचा किंवा बिननावाचा कुठलाही ओढा त्या बाजूने येत नाही. मधे एक डोंगराची रांग होती. ओढा काही डोंगर चढून जात नाही.

“जवळच्या नदीत नेऊन सोडतो,” एलाय म्हणाला. “दुसरा कोणीही तेच करेल.”

“सोड की. आणि उद्या तुझा नकाशा बघून कोणी तिथे गिरणी घालायला गेला तर?”

“टॅमसिन, तू मला जगू देणार आहेस का?”

 त्या रात्री त्याने जेवण अर्धं टाकलं, सकाळी नाश्ता पुरा टाकला. एलायचं असंच आहे, प्रश्न अडकला की घास अडकतो. आठवड्याच्या आत आम्ही दोघं हॅरिसबर्गच्या घोडागाडीत बसलो होतो. मी का गेले? कारण ओढा मी हरवलेला पाहिला होता, सापडलेला दुसऱ्या कोणी आधी बघावा हे मला सहन झालं नसतं.

जुनियाटा नदीच्या काठाकाठाने, मग माल वाहणाऱ्या घोडागाडीतून, मग पायी. पानगळीचे दिवस होते, डोंगर लालभडक झाले होते. ऑटर ओढ्याच्या काठी रॉबर्ट मॅकएल्वी नावाच्या माणसाचा लोखंडाचा कारखाना होता. ओढ्यावर त्याने धरण बांधलं होतं, त्या पाण्यावर मोठं चाक फिरायचं, आणि चाकावर घण चालायचा. धप्प, धप्प, धप्प. बोलायचं तर दोन घावांच्या मधे बोलावं लागे.

मॅकएल्वी तांबड्या दाढीचा, रुंद खांद्यांचा, आयरिश वळणाचा माणूस होता. एलाय त्याला म्हणाला, “रॉबर्ट, तुझा ओढा पुढे कुठे जातो, ते बघायला आलोय.”

“अहो, थांबा थांबा!” मॅकएल्वी हसला. “पहिल्याच वाक्यात तू-तुकारा, डोक्यावर हॅट तशीच. म्हणजे फिलाडेल्फियाचे क्वेकर. माझ्या बापालासुद्धा कोणी असं बोललं नव्हतं.”

“आमच्या पंथात लहानमोठं नाही, आम्ही राष्ट्राध्यक्षालाही असंच बोलू,” मी म्हटलं.

“बाई, तुम्ही बोलाल यात शंका नाही. चला, दाखवतो.”

त्याने आम्हाला ओढ्याकाठाने डोंगराच्या पायथ्यापर्यंत नेलं. तिथे ओढा एका उंच चुनखडीच्या कड्याला जाऊन भिडत होता. कड्याच्या बुडाशी काळं भोक होतं, त्यात पाणी फेसाळत, पालापाचोळा गरगर फिरवत आत शिरत होतं. एवढा मोठा ओढा आणि पुढे नुसती दगडी भिंत. मी गुडघ्यांवर बसून आत बघितलं. थंडगार वारा तोंडावर आला.

“आमची एक गाय गेली होती आत,” मॅकएल्वी म्हणाला.

“बाहेर आली?”

“अजून तरी नाही.”

मग त्याने खरं कारण सांगितलं, आपण एवढी सरबराई का करतोय त्याचं. त्याला डोंगराच्या याच बाजूला, पायथ्याने पुढे, आणखी एक कारखाना काढायचा होता. त्यासाठी या भोकाच्या वरूनच कालवा काढून सगळा ओढा तिकडे वळवायचा होता. विधिमंडळाकडे परवानगी मागितली होती. “कोणाचं काही बिघडत नाही,” तो म्हणाला. “इथून पुढे ते पाणी कोणाच्याच कामाचं नाही. नरकात जात असेल, तर तिथल्यांनी तक्रार केलेली नाही.”

एलाय भोकाकडे बघत होता. “तुला कधी वाटलं नाही बघावं, कुठे निघतं ते?”

मॅकएल्वीने एक काटकी पाण्यात टाकली. “वाटलं. वीस वर्षं वाटतंय. एकदा ओटचा भुसा पोत्यांनी टाकला होता. कुठेच निघाला नाही.”

आम्हीही टाकला. त्याच्या कामगारांनी पोती रिकामी केली आणि आम्ही डोंगर ओलांडून पलीकडे गेलो. पलीकडच्या उतारावर, झाडीत, एका खडकाखालून मोठा झरा निघत होता. झरा म्हणजे काय, छोटी नदीच. काचेसारखं निळसर पाणी, आणि त्यावर एक दगडी पीठगिरणी. आम्ही झऱ्याशी वाकून भुसा शोधत असताना पाठीमागून आवाज आला.

“काही पडलंय का तुमचं?”

गिरणीची मालकीण, कॅटरीना स्टांबाख. साठीची, ठेंगणी, जर्मन पद्धतीची टोपी, हात पिठाने पांढरे. आम्ही काय शोधतोय ते ऐकल्यावर तिने ते पांढरे हात कमरेवर ठेवले.

“त्या मॅकएल्वीचा ओढा? राखेचा, घोड्यांच्या लिदीचा, काळा? आणि माझ्या झऱ्यात? माझ्या नवऱ्याने ही जागा का निवडली माहीत आहे? हे पाणी डोंगराच्या पोटातलं आहे. जग निर्माण झालं तेव्हापासून कोणाचं तोंड लागलं नाही याला.”

“कॅटरीना, तू रागावू नकोस,” मी म्हटलं. “आम्हाला फक्त कळून घ्यायचं आहे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “नवरा गेल्यापासून मला कोणी ‘तू’ म्हटलं नव्हतं,” ती म्हणाली. “ये, आत ये. त्या तुझ्या भावालाही आण. काय बारीक आहे तो!”

भुसा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. एलाय आसपासच्या वाटा, टेकड्या मोजत हिंडत होता म्हणून आम्ही कॅटरीनाकडेच राहिलो. सकाळी कुट्टूच्या पिठाची धिरडी आणि त्यावर आटवलेल्या सफरचंदांचा काळपट गोड मुरंबा. एलाय पुन्हा जेवू लागला होता, पण ते तिच्या हाताचं कौतुक. प्रश्न सुटला नव्हता.

रविवारी कॅटरीना गिरणी बंद करून देवळात गेली. आमच्या पंथाची सभा तिथे जवळपास नव्हती, म्हणून एलाय आणि मी झऱ्याकाठी बसलो, आमच्या पद्धतीने, मुकाट्याने. आमच्यात कोणी प्रवचन देत नाही. ज्याला आतून काही सांगावंसं वाटेल त्याने बोलावं, नाहीतर गप्प बसावं. मी डोळे मिटले. मन शांत व्हायला पाहिजे होतं, पण काहीतरी खटकत होतं. शांतता जास्तच होती. मी कान देऊन ऐकलं. झऱ्याचा रोजचा घोष आज नव्हता, नुसती बारीक खळखळ होती. डोळे उघडून पाहिलं तर खडकावर ओलसर काळी रेघ होती आणि पाणी तिच्या वीतभर खाली.

आणि आणखी एक आवाज नव्हता. आठवडाभर डोंगरापलीकडून येणारी, कानाला सवय होऊन गेलेली ती धप्प, धप्प.

“एलाय,” मी म्हटलं, “मॅकएल्वी रविवारी कारखाना बंद ठेवतो.”

त्याने डोळे उघडले. “सभेत बोललीस. म्हणजे आतून प्रेरणा झाली असणार.”

“झाली. पाण्याकडे बघ.”

तो बघत राहिला, मग उठून बूट न काढताच पाण्यात उतरला.

कॅटरीना देवळातून आल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आज झरा कमी कसा गं?”

तिचा चेहरा फुलला. “आज रविवार ना! माझा झरा विसावा पाळतो. शनिवारी संध्याकाळी मंदावतो, सोमवारी पुन्हा कामाला लागतो. आमच्या पाद्रीबाबांनी दोनदा प्रवचनात सांगितलंय. माणसं पाळत नाहीत, पण स्टांबाखबाईंचा झरा पाळतो, म्हणाले.”

“पहिल्यापासून?”

“छे. आम्ही आलो तेव्हा अडाणीच होता. धाकट्याचा बाप्तिस्मा झाला त्या वर्षी सुरू झालं. नवरा म्हणायचा, आपली प्रार्थना पोचली.”

एलायने धिरड्यावर मान खाली घातली. मीही. तिला तिथल्या तिथे सांगायची हिंमत दोघांनाही झाली नाही.

सोमवारी आम्ही डोंगर ओलांडून मॅकएल्वीकडे गेलो. मी विचारलं, धरणाचं दार शनिवारी बंद करतोस का? करतो, तो म्हणाला, चाक थांबलं की दार लावतो, तळं भरून घेतो, सोमवारी सोडतो. आणि धरण कधी बांधलं? त्याने वर्ष सांगितलं, कॅटरीनाच्या धाकट्याच्या बाप्तिस्म्याचंच. मग त्याने आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि त्याचं हसणं हळूहळू गेलं.

“बाई, तुम्ही काय म्हणताय ते मला कळतंय. आणि ते खरं निघालं तर माझा कालवा गेला.”

“असेल,” एलाय म्हणाला. “पण तुला बघायचं नाही?”

त्या माणसाला बऱ्याच नावांनी ओळखणारे लोक मला पुढे भेटले, आणि त्यांतली काही नावं चांगली नव्हती. पण त्या दिवशी त्याने काय केलं ते मी विसरणार नाही. तो धरणाच्या दाराशी जाऊन उभा राहिला, ओढ्याकडे पाहिलं, स्वतःशीच एक शिवी हासडली, आणि म्हणाला, “बुधवारी. भर कामाच्या दिवशी दार लावतो. माणसं बसून राहतील, राहू देत. आणि मी स्वतः येतो बघायला.”

बुधवारी तो घोड्यावरून डोंगर उतरून आला. कॅटरीनाने त्याला दारात पाहिलं आणि म्हणाली, “रस्ता चुकलात वाटतं, मॅकएल्वीसाहेब. इथे पाणी स्वच्छ आहे.”

“म्हणूनच लांब उभा आहे, बाई.”

आम्ही तिला सगळं सांगितलं होतं. ती ऐकून फक्त हसली होती. आता चौघंही झऱ्याशी उभे होतो. गिरणीचं चाक फिरत होतं. दुपार कलायला लागली तसा चाकाचा आवाज बदलला. आधी मला वाटलं भास आहे. मग चाक जड होऊ लागलं, एकेक फळी विचार करून पाणी घेतल्यासारखी. खडकावरची काळी रेघ उघडी पडली. चाक थांबलं.

 मॅकएल्वीने डोक्यावरची हॅट काढली. मला वाटतं त्याला आनंद झाला होता. पुढच्याच क्षणी त्या आनंदाची किंमत त्याच्या लक्षात आली, तेही दिसलं.

“म्हणजे इतकी वर्षं,” कॅटरीना सावकाश म्हणाली, “माझा झरा देवाचा रविवार पाळत नव्हता. याचा पाळत होता.” आणि ती आत गेली आणि दार असं आपटलं की छपरावरून पीठ पडलं.

संध्याकाळपर्यंत दोघांनीही, वेगवेगळं गाठून, एलायला एकच विनंती केली. हे नकाशात घालू नको.

मॅकएल्वी म्हणाला, “तुम्ही जे पाहिलंत ते पाहिलंत, माझी ना नाही. पण कागदावर कशाला? हद्दीपर्यंत ओढा काढा, पुढे कोरं सोडा. मी नकाशाच्या बारा प्रती घेतो, माझे भागीदारही घेतील.”

“तू मला बुधवारी दाखवलंस,” एलाय म्हणाला, “आणि आता न पाहिल्यासारखं करायला सांगतोस. मला ते जमत नाही, रॉबर्ट.”

“मग वर्गणी विसरा.” तो घोड्यावर चढला. थोडं जाऊन वळला. “आणि ती गाय कुठे दिसली तर कळवा.”

कॅटरीना मला स्वयंपाकघरात भेटली. डोळे सुजले होते. “गावात मी तोंड कसं दाखवू? प्रवचनात सांगितलंय, टॅमसिन. दोनदा!”

“पण नकाशात नसेल तर तो कालवा काढेल. तुझं चाक कायमचं थांबेल.”

“थांबू दे.”

 ती चुलीशी खुडबुड करत राहिली. मग मागे न वळता म्हणाली, “त्या ओढ्यात तो काय काय सोडतो?”

“राख. कोळशाची भुकटी. वर घोडे बांधतात.”

“आणि माझ्याकडे येईपर्यंत असं काचेसारखं होतं?”

“तू पितेसच की.”

“म्हणजे अख्खा डोंगर माझ्यासाठी पाणी गाळत बसलाय.” ती वळली. “पाद्रीबाबांना हे सांगायला हवं. यावर त्यांना नवं प्रवचन करता येईल.”

फिलाडेल्फियात परत आल्यावर खरी पंचाईत सुरू झाली. जमिनीखालून जाणारा ओढा दाखवायचा कसा? नकाशाला नदीची रेघ माहीत होती, डोंगराची झालर माहीत होती. आत गेलेल्या पाण्याची खूण कोणाकडेच नव्हती. एलायने आधी मोकळी जागा सोडून पाहिली. “ही तर चूक वाटते,” मी म्हटलं. मग फिकट रेघ कोरली. ती छापताना उमटेनाच. पत्र्याच्या मागून हातोडीने ठोकून तेवढी जागा सपाट करून त्याने पुन्हा कोरलं. शेवटी ठिपके घातले. कड्यापासून झऱ्यापर्यंत ठिपक्यांची ओळ, आणि डोंगराच्या अंगावर मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘पाणी येथून जमिनीखाली’. ती अक्षरं उलटी कोरताना त्याने श्वास रोखून धरला होता, मी शेजारी उभी होते, मला ऐकू येत नव्हता.

रंगवताना मी त्या ठिपक्यांवरून निळ्या रंगाची अगदी पातळ रेघ फिरवली. मुलींना सांगितलं, हा डोंगराचा कागद प्रत्येक प्रतीत मीच रंगवणार.

नकाशा खपला, पण आम्ही धरलं होतं तितका नाही. मॅकएल्वीच्या मित्रमंडळींनी वर्गणी काढून घेतली आणि त्या भागातले लोखंडवाले सगळे त्याचेच मित्र होते. पण हॅरिसबर्गला विधिमंडळात आमचा नकाशा भिंतीवर लागला. कालव्याचा अर्ज पुढे आला तेव्हा कॅटरीना आपल्या धाकट्याला घेऊन तिथे गेली आणि टोपी नीट करून ठिपक्यांवर बोट ठेवून उभी राहिली, असं मला नंतर कळलं. मॅकएल्वीला अर्धंच पाणी वळवायची परवानगी मिळाली. त्यावर मोठा कारखाना चालण्यासारखा नव्हता. त्याने तो नाद सोडला, दुसरीकडे जागा घेतली. काही वर्षांनी तो आमच्या दुकानात आला, एक प्रत विकत घेतली, आणि एलायला म्हणाला, “ठिपके जरा डावीकडे गेलेत.” मग दोघं दुपारभर त्यावर वाद घालत बसले.

आता शेवटचं. आमचा नकाशा निघाला त्याच्या पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकाने, त्याचं नाव मी घेत नाही, पेनसिल्व्हेनियाचा खिशात मावणारा नकाशा काढला. घड्या घालून, लाल चामड्याच्या वेष्टनात, प्रवाशांसाठी. मी एक आणून उघडला. आमचा नकाशा, लहान करून, जसाच्या तसा. आमच्या दोन-चार चुकासुद्धा होत्या. आणि त्या डोंगरावर ठिपक्यांची ओळ होती, पण मुंगीएवढी अक्षरं गाळलेली. कोरणाऱ्याला ती वाचता आली नसावीत. त्याने ठिपक्यांचा अर्थ आपल्या मनाने लावला होता आणि लिहिलं होतं, ‘पश्चिमेकडे जाणारी वाट’.

एलायने खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. मला वाटलं त्याला लागलं असेल. पण त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता.

त्या उन्हाळ्यात कॅटरीनाच्या दारात माणसं येऊ लागली. ओहायोकडे निघालेली कुटुंबं, फेरीवाले, एकदा एक दंतवैद्य. सगळ्यांच्या हातात लाल चामड्याचा नकाशा. वाट कुठे आहे, विचारायची. “आहे, पण तुम्हाला त्यातून जायला बुडी मारावी लागेल,” ती सांगायची, आणि मग त्यांना बसवून खायला घालायची. एवढं चालून आल्यावर लोक परत तरी कुठे जाणार. तिने आधी एक खोली रिकामी केली, मग माडीवर आणखी दोन. तिच्या धाकट्याने प्रवाशांना नेता येईल अशी डोंगराच्या अंगाने खरीच एक वाट तोडली.

एलायने ती मोजून आणली. आमच्या दुसऱ्या आवृत्तीत ठिपके जिथल्या तिथे आहेत, शेजारून वाट गेली आहे, आणि स्टांबाखच्या गिरणीपाशी खाणावळीची खूण आहे.